खुरीच्या वाळूचा रंग

"साब, ये रेत हमारी नहीं है," लूणाराम म्हणाला आणि त्याने फोटो परत माझ्या हातात दिला.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. जैसलमेरच्या पुढे, खुरी गावाबाहेरच्या टेकडीवर आम्ही नाशिकचे तेरा जण कॅमेरे तिपायांवरून उतरवत होतो. सूर्य वर आला होता, म्हणजे आमच्या भाषेत लाइट संपला होता. लाइट संपला की फोटोग्राफर माणसात येतो आणि चहा शोधायला लागतो. लूणाराम तिथला उंटवाला. त्याची झोपडी, काट्यांचं कुंपण आणि मागे उठलेली वाळूची लाट असा एक फोटो मी दोन वर्षांपूर्वी काढला होता. नाशिकच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्याचीच एक मोठी प्रत मी हौसेने लूणारामसाठी आणली होती.

त्याने झोपडी ओळखली. कुंपण ओळखलं. कोपऱ्यातला उंटही ओळखला आणि तो आता विकला, असंही सांगितलं. नाकारली ती फक्त वाळू.

"अरे भाई, यहीं से खींचा है," आमचे ग्रुपप्रमुख रविराज सर म्हणाले.

"झोंपा मेरा है, साब. रेत मेरी नहीं. ये तो राख है."

आम्ही हसलो. हसायला नको होतं, कारण दोन पावलं मागे शेखर विधाते उभा होता आणि तो फोटो त्याने छापला होता.

आमच्या ग्रुपचं नाव 'चौकट'. त्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले रविराज सर, डॉक्टर मयूर नावाचे एक दंतवैद्य, साड्यांचे एक व्यापारी आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला मी, सोनवणे, असे सगळे आहोत. लेन्स महाग आणि गुडघे कुचकामी, असा एकूण मामला. पावसाळ्याच्या शेवटी साल्हेर किंवा भंडारदरा आणि हिवाळ्यात कुठेतरी लांब, अशा वर्षाला दोन ट्रिपा होतात. मार्चमध्ये प्रदर्शन भरतं. आपण कलावंत आहोत, असा समज करून घ्यायला तेवढं पुरतं.

या सगळ्या ट्रिपांत कॅमेरा नसलेला एकच माणूस असतो, तो म्हणजे शेखर. गंगापूर रोडवर त्याची फोटो छापायची लॅब आहे. मूळ घर मखमलाबादचं, फुलं आणि भाजीपाला पिकवणारं. लहानपणी पहाटे बाजारात जायच्या आधी वडिलांबरोबर तो झेंडू निवडायचा. केशरी वेगळा, पिवळा वेगळा, आणि दोघांच्या मधला तिसऱ्या पाटीत. ती तिसरी पाटी फक्त त्यालाच जमायची, असं त्याचे वडील सांगत. सतराव्या वर्षी तो एका डार्करूममध्ये कामाला लागला आणि पुढे त्याने स्वतःची लॅब काढली. नाशिकमध्ये कुणीही रंगावरून वाद घातला की शेवटी "शेखरकडे जाऊ" असंच ठरतं.

अकरा वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या पाण्याच्या रंगावरून आमच्यात जोरदार जुंपली होती. शेखर वैतागला. "तुम्ही पाच जण पाच रंग सांगता. मी तिथं नव्हतो. एकदा मला घिऊन चला, मग बघू," म्हणाला. तेव्हापासून ड्रायव्हरशेजारची सीट त्याची. आम्ही फोटो काढायचो तेव्हा तो हात मागे बांधून नुसता बघत उभा राहायचा. मग खिशातल्या वहीत रंग लिहायचा. आकडे नसायचे, त्याच्या घरातले शब्द असायचे. साल्हेरचं गवत, ऑगस्ट: कोथिंबिरीची जुडी, पाणी मारलेली. भंडारदरा, संध्याकाळचं पाणी: वांगं, देठाजवळचं. खुरी, सकाळची वाळू: तुपात भाजलेला रवा, लाल व्हायच्या आतला. नाशिकला परतल्यावर तो वही उघडायचा, छोटे छोटे तुकडे छापून बघायचा आणि रवा बरोबर भाजला गेला की मोठा कागद घालायचा. स्क्रीनचे रंग तपासायचं एक यंत्र आम्ही त्याला आग्रह करकरून घ्यायला लावलं होतं. ते खोक्यासकट ड्रॉवरमध्ये पडून होतं.

असं नऊ वर्षं उत्तम चाललं. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याचे प्रिंट थंड पडायला लागले. म्हणजे पिवळा कमी, निळा जास्त. माझ्या फोनवर खुरीची वाळू सोनेरी होती. प्रिंट हातात आला तेव्हा ती राखाडी, निळसर होती. मला वाटलं, माझा फोन खोटा दाखवतो. डॉक्टर मयूरना वाटलं, आपली नवी लेन्स फसवी निघाली. रविराज सरांनी तर त्याला नावच देऊन टाकलं, 'शेखरचा कोल्ड टोन'. चूक शेखरची असेल, हे कुणाच्याही डोक्यात शिरेना. आणि शिरलंच, तर आपण बोलणारे कोण, असं वाटून प्रत्येक जण गप्प. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी त्या निळ्या वाळवंटासमोर पाच मिनिटं उभं राहून मान हलवली आणि मला पहिलं बक्षीस दिलं. त्यानंतर तर बोलायची सोयच उरली नाही. बक्षीस कुणाला नको असतं?

बोलली ती फक्त साधनाताई. लॅबमध्ये फोटोंच्या कडेचा पुठ्ठा कापायचं आणि चिकटवायचं काम ती करते. सटाण्याची, पन्नाशीला आलेली. लग्नाआधी कांद्याच्या खळ्यावर माल निवडायला जायची. माझा तो वाळूचा फोटो पुठ्ठ्यावर लावताना मी तिथेच उभा होतो.

"भाऊ, ही वाळू निळी दिसस. माले तरी," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही पुठ्ठा कापा. रंगाचं मी बघतो," शेखर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यात काय होतं ते कळत होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्हीच सांगा. निळी शे ना?"

मी म्हणालो, "ते कलात्मक आहे."

 तिने सुरी घेतली आणि पुठ्ठा कापला. पुन्हा तिने रंगाचा विषय काढला नाही.

तर त्या सकाळी खुरीच्या टेकडीवर शेखर पुढे आला. त्याने माझ्या हातातून फोटो घेतला, वाळूत गुडघे टेकले आणि फोटो जमिनीवर सपाट ठेवला. मूठभर वाळू घेऊन फोटोतल्या वाळूशेजारी ओतली. मग वाकून, अगदी नाक टेकवून बघितलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एवढ्या वर्षांत मी त्याला इतक्या जवळून काही बघताना पाहिलं नव्हतं.

"सेमच हे ना?" तो म्हणाला.

 त्या कागदावर एक भाजलेल्या रव्याचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी पावसाळी ढगासारखी वाळू होती. शाळेतल्या पोरालाही दिसला असता असा फरक होता.

"सर, सेमच हे ना?"

"शेखर, त्या दिवशी लाइट वेगळा होता रे," रविराज सर म्हणाले. "दोन वर्षांत वाळू सरकते, बदलते…"

"डॉक्टर?"

डॉक्टर मयूरनी बॅगेची चेन लावायला घेतली.

"सोनवणे साहेब, तुम्ही सांगा. फोटो तुमचा हे."

मला आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते. मी म्हणालो, "थोडा फरक आहे. अगदी थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

मी लेन्सचं झाकण शोधायला लागलो. शेखरने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. वाळूत त्याला जे दिसलं नाही, ते त्याला आमच्या तोंडांवर दिसलं. तो उठला, गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि लूणारामकडे वळला. "भाई, आप सही बोलता है. दूसरा भेजूंगा," म्हणाला. मग टेकडी उतरून गाडीकडे चालू लागला.

परतीच्या प्रवासात तो पुढे बसला नाही. मागच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसला. पालनपूर मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेने शेतं लागली. बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मग हळूच विचारलं, "साहेब, ती मोहरी किती पिवळी हे?"

"चांगली पिवळीधमक."

"आणि त्या बाईची ओढणी?"

"निळी."

"मला ती चॉकलेटी दिसती," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "शुभांगीचीबी एक साडी चॉकलेटी हे. आता घरी गेल्यावर विचारतो."

शुभांगी त्याची बायको. साडी जांभळी निघाली. तिने त्याला वर्षभरापूर्वीच घेऊन दाखवली होती आणि त्याने चॉकलेटी म्हटल्यावर तिला वाटलं होतं, याचं लक्षच नाही आपल्याकडे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टर तरुण होत्या, सायली नावाच्या, आणि फार स्पष्ट बोलत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिवळ्या-तपकिरी काचेतून जग बघितल्यासारखं. निळा रंग जवळजवळ पोचतच नव्हता, म्हणून छापताना तो निळा वाढवत गेला होता.

"दोन-अडीच वर्षांपासून असेल," त्या म्हणाल्या. "हळूहळू होतं, म्हणून पेशंटला कळत नाही. पण तुमच्या आजूबाजूच्या कुणी सांगितलं नाही?"

 मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत राहिलो.

पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. साधं ऑपरेशन, दुपारी घरी. पहिली पट्टी निघाली तेव्हा तो समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघून लहान पोरासारखा हसला, असं शुभांगी सांगते. "एवढी निळी? एवढी निळी असती का कुठं टाकी?" म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो खूश होता. दुसऱ्या दिवशी कुणाचं न ऐकता तो लॅबमध्ये गेला. तिथे भिंतीवर दोन वर्षांचं काम लावलेलं होतं: साल्हेर, कच्छ, खुरी आणि माझं बक्षीस. तो स्टुलावर बसला. साधनाताईने चहा मागवला, तो निवला, तिने दुसरा मागवला. त्या दिवशी लॅब लवकर बंद झाली.

आठवड्याने तो माझ्या घरी आला. काळा चष्मा लावलेला, काखेत कागदाचं मोठं रिकामं पाकीट. पाणीसुद्धा न घेता तो हॉलमधल्या माझ्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. चष्मा काढला.

"लय बेकार हे, साहेब."

"लोकांना आवडला होता," मी म्हणालो.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला वाव होता. पण त्याचे ते नवे डोळे माझ्याकडे बघत होते आणि मला जमलं नाही. "पहिल्याच दिवशी," मी म्हणालो.

"मग बोलला का नाय?"

"तुझ्या नजरेपुढे माझी नजर काय, असं वाटलं. आणि मग बक्षीस मिळालं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो सोफ्यावर बसला आणि त्याने चष्म्याची काडी दोनदा उघडली, मिटली. "मला माझा डोळा कसा दिसणार, साहेब? तो तुम्हाला दिसत होता," म्हणाला. मग माझ्याकडे फोटोची मूळ फाइल मागितली. फ्रेम स्वतः भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे काढले, प्रिंट काढून पाकिटात घातला. जाताना म्हणाला, "रिकामी फ्रेम राहू द्या. चार दिवसात देतो."

असा तो सगळ्यांच्या घरी गेला. एकतीस प्रिंट त्याने भिंतींवरून उतरवून आणले. साड्यांचे व्यापारी द्यायला तयार नव्हते. त्यांच्या दुकानाच्या रंगाशी तो निळा जुळत होता. शेखर त्यांच्या दुकानात तीन वेळा जाऊन बसला, तेव्हा त्यांनी दिला.

मार्च जवळ आला. डॉक्टर सायलींच्या मते शेखरचे डोळे आता विशीतल्या पोरासारखे होते. मलाही तेच वाटत होतं. लॅबच्या दारातून तो रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवायचा. पण कागदावर हात ठेवला की त्याचं काहीतरी बिनसायचं. पूर्वी एका नजरेत पास होणारा तुकडा आता तो चार-चारदा छापायचा. दारात घेऊन जायचा, ट्यूबखाली आणायचा, पुन्हा दारात न्यायचा. पासपोर्ट फोटो न्यायला आलेल्या माणसाला थांबवून विचारायचा, "दादा, हे आभाळ बरोबर वाटतं का?" तो माणूस म्हणायचा, "छान आहे की." शेखर हो म्हणायचा आणि पुन्हा छापायचा. चहा घेऊन येणाऱ्या बाईंनाही त्याने एकदा कच्छचं मीठ दाखवलं होतं. ड्रॉवरमधलं ते यंत्र त्याने बाहेर काढून स्क्रीनला लावलं. यंत्र सांगायचं बरोबर आहे. तो यंत्राकडेही संशयाने बघायचा.

डोळे दुरुस्त झाले होते. त्यांच्यावरचा भरवसा मात्र गेला होता आणि तो घालवण्यात आमचा सगळ्यांचा हात होता. मला याचं वाईट वाटतं. ट्रिपांना जायची माझी हौसही तेव्हापासून थोडी कमी झाली आहे.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी रविराज सर, डॉक्टर मयूर आणि मी लॅबमध्ये गेलो. खुरीचा फोटो नुकताच बाहेर आला होता. शेखरने तो टेबलावर, दिव्याखाली ठेवला. कागदावर सकाळ होती. झोपडी होती, कुंपण होतं, विकलेला उंट होता आणि मागे वाळू. मला तर तिची ऊब तोंडाला लागल्यासारखी वाटली.

"बरोबर हे?" शेखरने विचारलं.

"अप्रतिम!" रविराज सर म्हणाले. "हीच खुरी."

"एकदम परफेक्ट," डॉक्टर मयूर म्हणाले.

"शंभर टक्के, शेखर," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

त्याने मान हलवली. पाहुण्यांनी जेवण छान झालं म्हटल्यावर घरातली बाई हलवते, तशी. मग आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "साधनाताई, जरा या."

ती हाताचा डिंक पुसत आली. टेबलाच्या कडेला उभी राहून तिने फोटो बघितला. घाई केली नाही. खालचा कोपरा पाहिला, वरचा पाहिला, मग कागद उचलून दारातल्या उजेडात नेला. आम्ही तिघे थांबलो होतो. मी मनात म्हणत होतो, हो म्हण बाई, सोडव त्याला.

"लाली थोडी जास्त शे, भाऊ," ती म्हणाली. "कांदा जास्त वाळला की होस ना, तशी."

मी पुन्हा पाहिलं. मला लाली दिसली नाही. अजूनही खात्री नाही. शेखर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, दारातल्या उजेडात वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हां," तो म्हणाला. "लाली हे."

कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले. त्याने तो कागद मधोमध फाडला, टोपलीत टाकला आणि आत गेला. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. साधनाताई तिथेच दाराशी थांबली.

थोड्या वेळाने तो नवा प्रिंट दोन्ही हातांत आडवा धरून बाहेर आला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आता?"

आम्ही तिघांनीही हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तो साधनाताईकडे बघत होता.